‘यांच्या सेवा’ : कर्मचाऱ्यांच्या उसनवारीची मराठी

नियम, आदेश आणि परिपत्रके यांची भाषा हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गात अधूनमधून निघतो. साहित्यकृतीला जी कसोटी लावावयाची ती शासकीय कागदाला लावू नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष अगदीच निराधार नाही; कारण वाचकाचे रंजन करणे हे त्या कागदाचे काम नव्हे. परंतु ज्या गद्याच्या एका वाक्याने माणसाचे गाव बदलते, वेतन कोठून मिळावयाचे ते बदलते आणि मुलांची शाळा बदलते, त्या गद्यात कोणता शब्द योजला आहे आणि वाक्यात कोणाला कोणते स्थान दिले आहे हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. एका कार्यालयाचा कर्मचारी काही काळापुरता दुसऱ्या कार्यालयास देण्याची जी व्यवस्था आहे, तिची मराठी हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते पारशिवनीच्या एका मुक्कामात. नागपूर जिल्ह्याच्या या तालुक्यातील बोलीचे काही नमुने टिपून घेण्याचे काम चालू होते. सेवानिवृत्त झालेल्या एका वृद्ध लिपिकाने बोलता बोलता पिशवीतून आपला एक जुना आदेश काढून दाखविला. नोकरीच्या मधल्या काळात त्यांना दुसऱ्या कार्यालयास ‘दिले’ होते, तोच हा आदेश. त्यांनी नावाखाली बोट ठेवले आणि म्हटले, “याच्यात माहं नाव हाय. पन मले कोनं इचारलं, ते कोठंच नाई.” तक्रारीचा सूर त्यात फारसा नव्हता, एखाद्या हिशेबातील गळलेली रक्कम दाखवावी तसे त्यांनी ते दाखविले. त्यांच्या त्या वाक्यातील ‘मले’ या एका रूपापासून पुढील विवेचन निघाले आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

१

प्रथम नियमांचे स्थूल स्वरूप पाहू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत या व्यवस्थेचे नियमन करणाऱ्या संग्रहाचे नाव ‘महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१’ असे आहे. १५ ऑगस्ट १९८१ पासून अमलात आलेल्या नागरी सेवा नियमांच्या मालिकेपैकी हा एक होय. त्यापूर्वी १९५९ चे मुंबई नागरी सेवा नियम लागू होते. आणि या सर्वांच्या मागे १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या, केंद्राच्या सेवेतील मूलभूत नियमांची परंपरा उभी आहे. म्हणजे कल्पना इंग्रजी आमदानीतील, शब्दांचा साचाही इंग्रजीतील आणि त्यावर मराठी वस्त्र मागाहून चढविलेले, असा हा क्रम आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, आणि मग हे वस्त्र विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्या कामाची व्याप्ती आणि निष्ठा यांविषयी आदर बाळगूनच पुढील टीका केली आहे.

इंग्रजीत ‘फॉरेन सर्व्हिस’ म्हटलेल्या कल्पनेस मराठीत ‘स्वीयेतर सेवा’ हे नाव मिळाले. ‘स्वीय’ म्हणजे आपले आणि ‘इतर’ म्हणजे त्याहून निराळे. दोहोंचा गुणसंधी होऊन ‘स्वीयेतर’. व्याकरणदृष्ट्या शब्द निर्दोष आहे. ‘परकीय सेवा’ म्हटले असते तर परराष्ट्रातील चाकरीचा भास झाला असता. तो टाळण्याची दक्षता या घडणीत दिसते. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र येथे स्वीया, परकीया आणि सामान्या हा नायिकाभेद आठवल्यावाचून राहत नाही. आणि शासनाने आपला कर्मचारी ‘परकीया’ होऊ न देता केवळ ‘स्वीयेतर’ ठेवला याची गंमतही वाटते.

पण शब्द निर्दोष असणे आणि तो भाषेत रुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासकीय पत्रव्यवहारात हा शब्द वारंवार ‘स्वीयेत्तर’ असा जोड तकाराने लिहिलेला आढळतो. विद्यापीठाच्या आवारात ‘शिक्षकेतर’चे ‘शिक्षकेत्तर’ नित्य होते, तोच हा प्रकार. ही केवळ शुद्धलेखनाची चूक मानून सोडून देऊ नये. लिहिणाऱ्याला या शब्दात ‘इतर’ ऐकू येत नाही; ‘लोकोत्तर’, ‘पदव्युत्तर’ यांतील ‘उत्तर’ मात्र ओळखीचे वाटते, म्हणून हात तिकडे वळतो. वास्तविक ‘उत्तर’ घेतले तर रूप ‘स्वीयोत्तर’ व्हावे. तात्पर्य, जे लोक हा शब्द रोज लिहितात त्यांच्यापुरता त्याचा अवयवार्थ मेलेला आहे. पारिभाषिक शब्दाची कसोटी कोशात लागत नाही. ती लिपिकाच्या हाताखाली लागते.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘स्व’ म्हणजे कोण, हा आहे. व्याख्येचा गाभा असा की, शासनाच्या मंजुरीने ज्या सेवेतील वेतन भारताच्या किंवा राज्याच्या एकत्रित निधीखेरीज अन्य स्रोतातून मिळते ती स्वीयेतर सेवा. आपलेपणाची रेषा येथे गाव, खाते, काम किंवा वरिष्ठ यांवरून आखलेली नाही; ती तिजोरीवरून आखली आहे. परिणामी पारशिवनीहून दिल्लीस केंद्र शासनाच्या एखाद्या खात्यात गेलेला राज्याचा कर्मचारी ‘स्वीयेतर’ सेवेत जात नाही, कारण तेथील वेतनही एकत्रित निधीतूनच होते. आणि रस्ता ओलांडून समोरच्या महामंडळाच्या कार्यालयात बसलेला मात्र जातो. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने ही व्याख्या अचूक आहे. परंतु ‘स्वीय’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनात जे नाते उभे राहते ते माणसाचे असते, निधीचे नसते. शब्द नात्याचा आणि अर्थ खात्याचा, अशी ही विसंगती आहे.

‘प्रतिनियुक्ती’ या दुसऱ्या शब्दाची गोष्ट थोडी निराळी. तो बोलण्यात रुजला आहे. ‘डेप्युटेशन’च्या बरोबरीने चालतो. पण ‘प्रति’ या उपसर्गाने मराठीत प्रतिदिन, प्रतिपक्ष, प्रतिमा, प्रतिनिधी असे परस्परांहून दूरचे अर्थ वाहिले आहेत; त्यांपैकी कोणता येथे घ्यावयाचा हे शब्द सांगत नाही. शिवाय ‘नियुक्ती’ म्हणताच नवी नेमणूक झाल्याचा समज होतो. उलट या व्यवस्थेचे मर्मच असे आहे की कर्मचारी नव्याने नेमला जात नाही. तो आपल्या मूळ संवर्गातच राहतो, तेथील पदोन्नतीस पात्र राहतो आणि मुदत संपताच तेथेच परततो.

२

आता लोकांचा शब्द पाहू. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत ‘उसनवारीवर दिला’, ‘उसनवार तत्त्वावर घेतला’ असे म्हणतात. इंग्रजीतही देणाऱ्या आणि घेणाऱ्या कार्यालयांस धनको-ऋणकोसारखीच नावे आहेत. तेव्हा कृत्रिम शब्द टाकून ‘उसनवारी’च का स्वीकारू नये, असे कोणी म्हणेल. ही सूचना आकर्षक आहे. म्हणूनच ती नीट पारखून घेतली पाहिजे.

मराठीत देण्याघेण्याच्या शब्दांचे क्षेत्र बारकाईने विभागलेले आहे. ‘कर्ज’ पैशाचे, बहुधा व्याजाचे. ‘उधारी’त माल आज आणि दाम उद्या. ‘भाडे’ वस्तूच्या वापराचे. ‘उसने’ मात्र शेजारधर्माचे : पायलीभर जोंधळे उसने आणले तर सुगीनंतर पायलीभर जोंधळेच परत करावयाचे, व्याज नाही, आणि तेच दाणे परत यावेत अशी अपेक्षाही नाही. आणलेले दाणे दळून खाल्ले गेलेले असतात. जी वस्तू स्वतःच परत यावयाची, उदाहरणार्थ शेजारणीची परात किंवा लग्नापुरता दागिना, ती आपण काटेकोर बोलताना ‘मागून आणतो’. हा भेद केवळ मराठीचा नाही. रोमन कायद्यात पहिल्या प्रकारास ‘म्यूटुअम’ व दुसऱ्यास ‘कॉमोडाटुम’ अशी वेगळी नावे होती. आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘याचित’ वस्तूचा निराळा निर्देश आहे, ज्याचे स्पष्टीकरण मिताक्षरेने विवाहादी प्रसंगी मागून आणलेल्या वस्त्रालंकारांच्या उदाहरणाने केले आहे.

या भेदाचा प्रकाश प्रस्तुत विषयावर टाकला तर असे दिसते की कर्मचाऱ्याची देवघेव ‘उसने’ नव्हे, ‘याचित’ आहे. एका लिपिकाबद्दल दुसरा लिपिक परत केला की व्यवहार फिटला, असे होत नाही; तोच माणूस परत यावा लागतो. घेणाऱ्याने पैशाच्या रूपाने काही द्यावयाचे असते तेही व्याज नव्हे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यासाठी रजा वेतनाचे आणि निवृत्तिवेतनाचे अंशदान मूळ शासनाकडे भरावे लागते. त्या काळात झिजणाऱ्या आयुष्याचा तो वाटा आहे, असे म्हणता येईल. परातीला रजा लागत नाही आणि तिला वार्धक्यही नसते. म्हणून परातीच्या शब्दाने माणसाचा व्यवहार पुरता सांगता येत नाही.

आणखी एक अडचण आहे. ‘उसने’ या विशेषणाने मराठीत मागाहून एक छाया धरली. उसने हसू, उसने अवसान हे प्रयोग पाहावेत : जे आतून आलेले नाही, जे खरे नाही, ते उसने. कोणत्याही कार्यालयात उसनवार आलेल्या माणसाकडे काही काळ असेच पाहिले जाते. त्याला नव्या जागी मुळे नसतात आणि जुन्या जागी त्याची खुर्ची दुसऱ्याने भरलेली असते. लोकांच्या शब्दाने ही अवस्था अचूक पकडली आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु तिच्यावर उपाय त्या शब्दात नाही.

उपाय आहे तो तिसऱ्याच शब्दात, आणि त्याचे श्रेय परिभाषाकारांना दिलेच पाहिजे. ‘लिएन’ या शब्दास त्यांनी ‘धारणाधिकार’ म्हटले. मूळ शब्द लॅटिनमधील ‘बंधन’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात तो वस्तूच्या संबंधात येतो : दुरुस्तीसाठी आलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडकवून ठेवण्याचा कारागिराचा हक्क. सेवानियमांत मात्र अर्थ उलटा फिरला. तेथे धरून ठेवणारा घेणारा नव्हे आणि देणाराही नव्हे. ज्याला दिले तो कर्मचारीच आपल्या मूळ कायम पदावर हक्क धरून असतो. वस्तूंच्या कायद्यात कारागीर वस्तू धरून ठेवतो. सेवेच्या कायद्यात दिला गेलेला माणूस आपली जागा धरून ठेवतो. ‘धारणाधिकार’ या शब्दात ‘धारण करणारा कोण’ हा प्रश्न अंगभूत आहे आणि त्याचे उत्तर माणूस हे आहे. संपूर्ण परिभाषेत माणसाला कर्तेपण देणारा हा एक शब्द सापडतो.

३

शब्दांवरून वाक्याकडे येऊ. आदेशाचा सर्वपरिचित साचा नमुन्यादाखल असा मांडता येईल : “श्री. अमुक, कनिष्ठ सहायक, यांच्या सेवा तमुक कार्यालयाकडे एक वर्षाच्या कालावधीकरिता वर्ग करण्यात येत आहेत. त्यांनी तत्काळ रुजू व्हावे.” वाक्ये दोनच आहेत, पण त्यांच्या घडणीत बरेच काही साठले आहे.

पहिल्या वाक्यात पाठविणारा दिसत नाही. ‘करण्यात येत आहेत’ ही रचना नवीन कर्मणी प्रयोगाच्या कुळातील असून तिच्यात ‘कडून’ किंवा ‘द्वारे’ यांनी दर्शविला जाणारा कर्ता सुखाने गाळता येतो. ज्याला आदेशाबद्दल दाद मागावयाची आहे त्याला खालच्या स्वाक्षरीपाशी जाऊन कर्ता शोधावा लागतो. क्रियापदही पाहण्यासारखे आहे : ‘वर्ग करणे’. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग होते, फाईल वर्ग होते, तशाच सेवाही वर्ग होतात. आणि या ‘सेवा’ बहुवचनी का? मराठीत एका माणसाची चाकरी ही एकवचनी ‘सेवा’. आईची सेवा, देशाची सेवा. ‘यांच्या सेवा’ हे अनेकवचन इंग्रजी ‘सर्व्हिसेस’ची पडछाया आहे. तिने मराठीत एक विचित्र परिणाम साधला : माणूस एकच उरतो, पण त्याच्यापासून सुटून निघालेल्या सेवा अनेक होतात.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाक्यात नसलेल्या एका प्रत्ययाची आहे. मराठीत निर्जीव कर्म प्रत्ययाशिवाय येते : ‘त्याने पुस्तक पाठविले.’ कर्म अमुक एक व्यक्ती असेल तर मात्र भाषा ‘ला’ प्रत्ययाचा आग्रह धरते : ‘त्याने रामाला पाठविले.’ ‘शिपाई पाठविला’ असे म्हणता येते. पण तेथे कोणीतरी एक शिपाई असतो. नाव घेतले की ‘ला’ आला. नागपुरी बोलीत त्याचे रूप ‘ले’ : रामाले, त्याले, मले. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीचे वर्णन आहे, आणि हा ‘ले’ त्या बोलींच्या ठळक खुणांपैकी एक होय. व्यक्ती ही वस्तूहून वेगळी आहे, तिच्यावर क्रिया घडली तर तिची वेगळी नोंद झाली पाहिजे, हे मराठीच्या व्याकरणातच लिहिलेले आहे. त्यासाठी कोणत्याही नियमाची गरज नाही.

आदेशाचे वाक्य ही नोंद टाळते. त्यात कर्म व्यक्ती नसून ‘सेवा’ आहे. ‘सेवा’ निर्जीव, म्हणून ‘ला’ लागत नाही. व्यक्ती षष्ठीत गेली : ‘यांच्या’. जिच्यावर क्रिया घडते ती क्रियेच्या कक्षेबाहेर उभी आहे, केवळ एका नामाची मालक म्हणून. ती वाक्यात प्रथम स्वतंत्रपणे प्रवेश करते ती दुसऱ्या वाक्यात, ‘त्यांनी’ या तृतीयान्त कर्त्याच्या रूपाने. आणि तेथील क्रियापद ‘व्हावे’ हे विध्यर्थी आहे. थोडक्यात, हक्काच्या वाक्यात माणूस गैरहजर आणि कर्तव्याच्या वाक्यात हजर. पारशिवनीच्या वृद्ध लिपिकाने ‘मले कोनं इचारलं’ म्हणून जो ‘ले’ उच्चारला, तो आदेशातून गळालेला तोच प्रत्यय होता. आपल्या आदेशात काय कमी आहे हे त्यांना व्याकरणाच्या परिभाषेशिवाय उमगले होते.

४

या टीकेवर एक समर्थ आक्षेप येऊ शकतो, आणि तो आधी विचारात घेतला पाहिजे. आक्षेपक म्हणेल : ‘सेवा’ हा शब्द माणसाला लपविण्यासाठी आलेला नाही, माणसाला वाचविण्यासाठी आलेला आहे. स्वतंत्र माणूस उसना देता येत नाही. दास देता येतो. म्हणून शासन माणूस देत नाही, त्याच्या सेवा तेवढ्या देते. ‘श्री. अमुक यांना वर्ग करण्यात येत आहे’ असे लिहिले असते तर ते अधिक अपमानास्पद झाले नसते काय?

या आक्षेपात तथ्य आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४० साली नोक्स विरुद्ध डॉनकॅस्टर कोळसा कंपनी या खटल्यात हेच तत्त्व मांडले : कंपन्यांचे विलीनीकरण झाले म्हणून कामगाराचा करार त्याच्या नकळत दुसऱ्या मालकाकडे जात नाही, मालक निवडण्याचा हक्क हाच सेवक आणि भूदास यांच्यातील भेद होय. आपल्याकडे १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एका अध्यापकाच्या प्रकरणात तोच विचार लावला. विद्यापीठाचे इंफाळ येथील पदव्युत्तर केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे गेले. पण केंद्राबरोबर अध्यापकही गेला, असे न्यायालयाने मानले नाही. संमतीवाचून तो पहिल्याच विद्यापीठाचा राहिला. विद्यापीठात काम करणाऱ्या आपणा सर्वांना हा निर्णय माहीत असावा.

परंतु आक्षेपाचे तत्त्व मान्य केले की त्याचा निष्कर्षही मान्य करावा लागतो. माणूस वस्तू नाही म्हणून ‘सेवा’ म्हणावयाचे, तर मग वस्तूला नसते आणि माणसाला असते ती गोष्ट, म्हणजे संमती, आदेशात दिसली पाहिजे. मूलभूत नियमांतील ११० वा नियम सांगतो की कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध स्वीयेतर सेवेत पाठविता येणार नाही. नियमाचे हे वाक्य उत्तम आहे. त्यात इच्छा आहे आणि ती कोणाची हेही आहे. पण त्याच्याच पाठीला परंतुक जोडलेले आहे : शासनाच्या पूर्ण किंवा बह्वंशी मालकीच्या अथवा नियंत्रणाखालील संस्थेकडे पाठवावयाचे असेल तर हे बंधन नाही. आधुनिक राज्यात महामंडळे आणि मंडळे यांचा जो विस्तार झाला तो ध्यानी घेता, परंतुकाचे दार मुख्य दाराहून रुंद झाले आहे.

न्यायालयाची भूमिका या ठिकाणी अधिक स्वच्छ दिसते. १९९९ साली बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनियुक्तीचे तीन पक्ष स्पष्टपणे मोजले : सेवा देणारा, ती स्वीकारणारा आणि जाणारा कर्मचारी. पहिल्या दोघांच्या निर्णयाबरोबर तिसऱ्याची संमतीही या कल्पनेत अंतर्भूत मानली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने याची दुसरी बाजू सांगितली : प्रतिनियुक्त कर्मचाऱ्याला घेणाऱ्या कार्यालयात कायम राहण्याचा हक्क नाही, त्याला केव्हाही परत पाठविता येते. त्रिपक्षीय व्यवहाराचे हे दोन निर्णय एकत्र वाचले तर व्यवस्थेचे खरे स्वरूप कळते. जाण्यास संमती, परतण्यास हक्काची जागा, मात्र राहण्याचा हट्ट नाही. आदेशाच्या रूढ साच्यात यांपैकी पहिली गोष्ट बहुधा नसते.

शब्द लिहिले म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही, हेही न्यायालयांनी सांगून ठेवले आहे. १९४६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे लिव्हरपूलच्या गोदीतील एका यारीचे प्रकरण आले. बंदर मंडळाने यारी आणि तिचा चालक दोन्ही एका कंपनीस भाड्याने दिली होती. चालक त्या काळात कंपनीचा सेवक समजावा, असे करारात लिहिलेही होते. अपघात झाला तेव्हा न्यायाधीशांनी विचारले : यारी कशी चालवावी हे कोण सांगत होते? ते सांगण्याचा अधिकार मंडळाचाच होता, म्हणून दायित्वही मंडळाचेच ठरले. ‘कोणाचा सेवक’ ही षष्ठी केवळ कागदावर लिहून सिद्ध होत नाही; हुकूम कोणाचा चालतो यावरून ती ठरते.

५

या विवेचनाला पारशिवनीच्या परिसराचा इतिहास साक्ष देतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता. त्या दिवशी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. भूमीबरोबर कर्मचारीही गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने त्यांचे आधी तात्पुरते आणि नंतर अंतिम ‘वाटप’ ठरविले. येथेही क्रियापद वस्तूंचे आहे. परंतु त्याच कलमात एक तरतूद अशी आहे की, केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या अहिताच्या दिशेने बदलता येणार नाहीत. संमती विचारणे शक्य नव्हते तेथे विधिमंडळाने निदान संरक्षण लिहिले.

पुढे १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या काम करू लागल्या. तेव्हापासून तालुक्याच्या गावी एक नवी षष्ठी जन्माला आली. गटविकास अधिकारी शासनाचा. पण तो पंचायत समितीचा पदसिद्ध सचिव. ‘साहेब कोणाचे?’ या प्रश्नास तालुक्यात दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही खरी असतात. मराठी येथे मोठ्या शहाणपणाने ‘कडे’ हे शब्दयोगी वापरते. ‘तिला दोन मुलगे आहेत’ यात नाते सुटणारे नाही. ‘तिच्याकडे दोन म्हशी आहेत’ यात ते आज आहे, उद्या नसेल. ‘समितीकडे पाच लिपिक आहेत’ असेच आपण म्हणतो, ‘समितीला’ म्हणत नाही. नोकरीचे नाते सुटणारे आहे, हे भाषेला ठाऊक आहे.

तिसरा प्रसंग दर निवडणुकीत येतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या २८ क क्रमांकाच्या कलमान्वये निवडणुकीच्या कामावरील अधिकारी व कर्मचारी अधिसूचनेच्या दिवसापासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. शिक्षकांच्या बाबतीत २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाचे २७ वे कलम दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास मनाई करते. निवडणुकीची प्रतिनियुक्ती ‘मानलेली’ आहे. तिला संमतीची अपेक्षा नाही, आणि ती असावी असे आमचेही म्हणणे नाही. मतदान घ्यावयाचे तर शाळेतील गुरुजींना मतदान केंद्रावर जाणे भागच आहे. परंतु संमतीने झालेली प्रतिनियुक्ती, संमती गृहीत धरलेली प्रतिनियुक्ती आणि कायद्याने मानलेली प्रतिनियुक्ती या तीन भिन्न गोष्टी आहेत. तिन्हींना एकच नाव आणि तिन्हींच्या आदेशांना ‘यांच्या सेवा … वर्ग करण्यात येत आहेत’ हा एकच साचा दिल्याने, वाचणाऱ्यास आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे कळत नाही. आमची मुख्य तक्रार ही आहे. शब्द कठीण असल्याचे दुःख त्यामानाने लहान. कठीण शब्द सवयीने सोपे होतात. वेगळ्या गोष्टी एका वाक्यात विरघळल्या, तर त्या सवयीने वेगळ्या होत नाहीत.

६

तेव्हा करावे काय? ‘स्वीयेतर’ शब्द बदलावा अशी मोहीम काढण्यात फारसा अर्थ नाही. तो हिशेबाचा शब्द आहे आणि हिशेबात तो राहू द्यावा. ‘उसनवारी’लाही शासकीय प्रतिष्ठा देऊ नये, तिची जागा बोलण्यात आहे आणि तेथे ती खरे बोलते. सुधारणा हवी ती आदेशाच्या वाक्यात, आणि त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज नाही. रूढ साच्यास जोडून चार लहान वाक्ये लिहिली तरी पुरेसे होईल :

“हा आदेश अमुक अधिकाऱ्याने काढला आहे. श्री. अमुक यांनी अमुक दिनांकास लेखी संमती दिली आहे. मूळ पदावरील त्यांचा धारणाधिकार कायम आहे. मुदत संपताच त्यांना मूळ पदावर परत घेण्यात येईल.”

ज्या प्रकरणी कायद्यास संमतीची अपेक्षा नाही तेथे दुसऱ्या वाक्याऐवजी असे लिहावे : “या आदेशास संमतीची आवश्यकता नाही, अमुक कलमान्वये तो काढला आहे.” हेही प्रामाणिक वाक्य आहे. त्याने माणसाची इच्छा विचारली जात नाही, परंतु ती विचारली नाही हे तरी त्याला सांगितले जाते. आणि ज्या कलमाचा आधार घेतला ते कलम उघडून पाहण्याचा मार्ग त्याला मोकळा होतो.

या वाक्यांत ‘यांनी’ हा कर्ता हक्काच्या क्रियापदाला जोडला गेला आहे आणि ‘त्यांना’ हे रूप, म्हणजे गळालेला ‘ला’, परत आला आहे. एवढ्याने कोणाचे गाव बदलावयाचे थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पारशिवनीच्या त्या वृद्ध लिपिकाने आदेशावर बोट ठेवून जी जागा दाखविली ती रिकामी राहणार नाही. शासकीय मराठीच्या समीक्षेने निदान एवढे काम पत्करावे असे आम्हांस वाटते. वाक्यात माणसाची जागा कोठे आहे ते शोधावे. आणि ती नसेल तर ती नाही असे स्पष्ट म्हणावे.